लेखी द्या

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात, सरकारी क्वार्टरांच्या दर दोन ब्लॉकांमागे एक नाना सापडायचे. नोकरी ऑडिटात, मूळ गाव वाईकडचं, आणि तीन कोटेशनं आल्याशिवाय घरात साधी बादलीही यायची नाही. जवळच्या आयएनए मार्केटात सुरमई घेतानासुद्धा ते तीन ठिकाणी भाव काढणार आणि घेणार पहिल्याकडूनच.

१९९६च्या सुमारास अशा एका नानांकडे पीसी आला आणि मागोमाग काळजी आली. हार्ड डिस्क बसली तर? उभ्या नोकरीत जो कागद तीन प्रतींत ठेवला, तो आता एकाच तबकडीच्या भरवशावर! टेप ड्राइव्ह घ्यायचा ठरला आणि नेहरू प्लेसच्या दुकानदारांची साडेसाती सुरू झाली.

पहिला आक्षेप आकड्यावर. खोक्यावर ठळक २५० एमबी. कॅसेटवर प्रत्यक्षात मावणार १२०, बाकी कॉम्प्रेशनची कृपा. "मंजुरी अडीचशेची आणि माल एकशेवीसचा? ऑफिसात असतं तर ऑडिटचा पॅराच काढला असता!"

मग जोडणी. स्वस्तातला ड्राइव्ह फ्लॉपीच्या केबलवर बसतो आणि फ्लॉपीच्याच चालीनं चालतो. डीएटी प्रकारचा ड्राइव्ह वेगवान, पण त्याला स्कझी कार्ड हवं, केबलच्या टोकाला टर्मिनेटर हवा. आणि एवढं करून विंडोज ९५चा बॅकअप स्कझीवरच्या टेपला ओळखच दाखवत नाही. ट्रॅव्हन टीआर-३ ड्राइव्ह जुनी क्यूआयसी-८० कॅसेट वाचतो, तिच्यावर लिहीत मात्र नाही. नानांना हे एकदम पटलं. "फाइल बघायची, सही करायची नाही. आमचे साहेब."

"सर, सब कंपॅटिबल है," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

"किससे?"

नेहरू प्लेसला हा प्रश्न नवीन होता.

घरी तक्ता तयार झाला: मेक, कंट्रोलर, कॅसेट, शेरा. काकूंनी एकदा विचारलं, "अहो, पण जपायचंय काय एवढं?" गणेशोत्सवाची वर्गणी, पीएफचा हिशेब आणि भाचीच्या लग्नाची आमंत्रणयादी. दोन फ्लॉप्यांत मावून वर जागा उरली असती. काकूंचा मुद्दा 'नोंद घेतली' या शेऱ्यावर संपला.

सौदा अखेर फिसकटला तो एका अटीवर. "हीच कॅसेट वाचणारा ड्राइव्ह दहा वर्षांनी मिळेल, एवढं लेटरहेडवर लेखी द्या." दुकानदारानं चहा पाजला, हात जोडले. बाजारभर हसू झालं, मीही हसलो. पण माणूस चुकत नव्हता. क्यूआयसी गेलं, ट्रॅव्हन गेलं, आणि विंडोज व्हिस्टाच्या बॅकअपनं तर टेपचं नावच टाकलं. २००० साली आलेल्या एलटीओ या टेपप्रकाराचे ड्राइव्ह सातव्या पिढीपर्यंत मागच्या दोन पिढ्यांच्या कॅसेटी वाचत. आठवीत आणि नववीत मागच्या एकाच पिढीची ओळख उरली.

नाना आता पुण्यात असतात. परवा भाच्यानं त्याच्या स्टुडिओसाठी एलटीओ-९ बद्दल विचारलं. नानांनी चष्मा वर सरकवून माहितीपत्रक वाचलं: ठळक ४५ टीबी, बारीक अक्षरात १८.

"पॅरा अजून निकाली निघालेला नाही," ते म्हणाले आणि पेन मागितलं.