‘काय हुत न्हाई’ म्हणणाऱ्या भावास

प्रति,
मसाई पठारावर टाकीवर पोरगी बसवून क्वाड बाइक पिटाळणाऱ्या भावा,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची आपली रीत आहे. तुला तो लिहिताना हात अडला, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

सप्टेंबरातला रविवार होता. पाऊस नुकताच उघडला होता आणि आम्ही चौघे पठारावर फुलं बघायला आलो होतो. गुडघाभर गवतातून तू त्या चार फुगीर चाकांच्या गाडीवरून आलास. तुझ्या डोळ्यांवर गॉगल, पायांत चप्पल. पुढे टाकीवर पाच-सहा वर्षांची भाची, मागे मोबाइलवर व्हिडिओ काढणारा दोस्त. तिघांत मिळून एक हेल्मेट नव्हतं. उताराला आडवी गाडी घातलीस आणि तिथेच रेस देऊन हँडल वरच्या अंगाला वळवलंस. वरची दोन चाकं उचलली, गाडी खालच्या अंगाला कलंडली. पोरगी गाडीच्या खालच्या अंगाला दोन हातांच्या अंतरावर पडली होती. मध्ये जांभ्याचा एक दगड होता, गाडी त्याला अडली. आम्ही धावत आलो तेव्हा तू शर्ट झटकत होतास. म्हणालास, “काय हुत न्हाई ओ काका.”

पोरीचा जीव त्या दगडाने वाचवला. तुझा त्यात काडीचाही वाटा नाही. काय होतं, ते आता नीट ऐक.

असल्या गाडीचं वजन अडीचशे-तीनशे किलोच्या घरात असतं. ती उलटून छातीवर आली की हाड मोडायचीही गरज नसते. दाबामुळे छाती फुगत नाही, श्वास आत जात नाही आणि माणूस शुद्धीत असताना गुदमरतो. ऑस्ट्रेलियात शेतकरी रानात, गुरांमागे रोज ही गाडी चालवतात. जन्मभर ती चालवलेली माणसंही तिच्याखाली सापडून मेली. म्हणून तिथल्या सरकारने ११ ऑक्टोबर २०२१पासून सर्वसाधारण वापराच्या नव्या क्वाड बाइकला चालकाच्या पाठीमागे संरक्षक कमान सक्तीची केली. गाडी उलटली तरी चालकाला जागा राहावी, एवढ्यासाठी. अमेरिकेत तर तीन चाकांच्या अशा गाड्या १९८८ साली विक्रीतूनच काढाव्या लागल्या. त्या देशांतल्या लोकांना तुझ्याएवढी हिंमत नव्हती असं नाही. त्यांनी मढी मोजली आणि शहाणपण घेतलं. तू व्हिडिओला किती लाइक आले ते मोजलंस.

ही गाडी चालते कशी, हे तू कुणाला विचारलंस का? मोटरसायकलसारखं हँडल आहे म्हणून ती मोटरसायकल नाही आणि चार चाकं आहेत म्हणून ती जीपही नाही. ती अंगाच्या तोलावर चालते. चढाला अंग पुढे झुकवायचं आणि रेस एकसारखी ठेवायची. उताराला बूड मागे सरकवायचं, लहान गिअर टाकायचा आणि इंजिनच्या ओढीवर सरळ खाली यायचं. आंबा घाटातला जुना ट्रकवाला हेच सांगत आला आहे, की ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा. उताराला आडवं जायची वेळच आली तर सगळा भार वरच्या अंगाला टाकायचा, आणि जमीन ओली असेल तर आडवं जायचंच नाही. चढावर गाडी बंद पडली तर ब्रेक धरून वरच्या बाजूला उतरायचं, खालच्या बाजूला कधीच नाही.

आता सांग, टाकीवर पोर आणि पाठीला दोस्त चिकटलेला असताना तू पुढे कसा झुकणार होतास आणि मागे कुठे सरकणार होतास? एकट्यासाठी केलेल्या गाडीची ती लांब सीट माणसं भरायला नसते, चालवणाऱ्याला सरकायला असते. तिघं बसलात त्याच क्षणी गाडी तुझ्या हातातून गेली होती, उलटली ती नंतर. शिवाय तिची रेस उजव्या अंगठ्याखाली असते. पुढे बसलेल्या लेकराने घाबरून हँडल धरलं की त्याचा हात नेमका तिथेच जातो.

आणि ज्या जमिनीवर तू हा खेळ मांडलास, ती तुला दिसलीच नाही. मसाईचं पठार म्हणजे जांभ्याचा सडा. वर कुठे बोटभर, कुठे वीतभर माती. पावसात त्या कातळावर शेवाळ धरतं आणि तो साबणासारखा निसरडा होतो. गवताखाली खळगे झाकलेले असतात. धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि कड्याची धार काही पाटी लावून सांगत नाही. गावातला गुराखी इथे पावसाळ्यात काठी टेकत चालतो. तो भित्रा आहे म्हणून नव्हे, त्याला जमीन कळते म्हणून.

याच पठारावरून जुलै १६६०मध्ये, पन्हाळ्याला पडलेला सिद्दी जौहरचा वेढा फोडून, भर पावसाच्या रात्री शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले. मावळ्यांनी पालखी खांद्यावरून नेली. दरवर्षी पन्हाळा-पावनखिंड मोहिमेत हजारो पोरं तीच वाट तुडवतात. तुझ्या गाडीच्या पुढे भगवा झेंडा लावलेला मी पाहिला. त्या मावळ्यांचं नाव घ्यायचं असेल तर आधी त्यांच्यासारखी जमीन ओळखायला शीक. खांद्यावरच्या जिवाचा भार त्यांना कळत होता.

अजून एक गुन्हा तुझ्या खात्यावर आहे. तुझ्या चाकांनी ओरबाडलेल्या त्या दोन लांबच लांब काळ्या वाटा अजून तिथे आहेत. त्या बोटभर मातीत नत्र जवळपास नसतं, म्हणून इथली दवबिंदू आणि सीतेची आसवं ही चिमुकली झाडं किडे धरून जगतात. पावसाच्या मोजक्या महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं, एवढाच त्यांना अवधी. तो मातीचा पापुद्रा सोलला गेला की पुढच्या पावसात उरलेली माती वाहून जाते आणि खाली नुसता दगड उरतो. हे पठार शासनाने संवर्धन राखीव म्हणून जाहीर केलेलं आहे. ते तुझ्या शर्यतीचं मैदान नाही.

ज्याने पैसे घेऊन ही गाडी तुझ्या हाती दिली, त्यालाही हे पत्र वाचून दाखव. हेल्मेट दिलं नाही, दोन शब्द शिकवले नाहीत, पोर पुढे बसलेलं बघून हटकलं नाही. तू चूक केलीस, त्याने चुकीचं भाडं घेतलं.

भावा, कोल्हापूरला नादाचं वावडं नाही. आपण कुस्तीचा नाद केला, पण पोराला आखाड्यात उतरवायच्या आधी वस्तादाच्या हाती दिलं. लाल मातीत वर्षानुवर्षं अंग घुसळल्याशिवाय खासबागेच्या कुस्ती मैदानात कुणी उतरत नाही. तुलाही या गाडीचा नाद असेल तर तसाच कर. जाणत्या माणसाकडे जा, मोकळ्या सपाट रानात आधी तोल शीक. हेल्मेट, घोट्यावर येणारे बूट आणि हातमोजे घाल. गाडीवर एकटा बस. डांबरी रस्त्यावर ती काढू नकोस. तिची कमी हवेची चाकं मातीसाठी केलेली आहेत, डांबरावर गाडी वळणाला दगा देते. आणि पठार पायी चालणाऱ्यांसाठी सोड.

तुझी भाची त्या दिवशी रडली नाही. ती तुझ्याकडे बघत होती, कारण मामा म्हणाला काय होत नाही, म्हणजे काही होत नसणार, असं तिला वाटत होतं. तिचा तुझ्यावर तेवढा विश्वास आहे. पुढच्या वेळी तो दगड तिथे नसेल. पोरीला टाकीवरून खाली उतरव.

तुझ्याच जिल्ह्यातला,
त्या दिवशी धावत आलेला एक काका