एक कप जीवामृत

फुकट सल्ला मिळण्याच्या जागा महाराष्ट्रात झपाट्यानं कमी होत चालल्या आहेत. डॉक्टर फोनवर बोलायचेही पैसे लावतात, वकील ‘ऑफिसात या’ म्हणतात, आणि संसार कसा करावा हे न विचारता सांगणाऱ्या आत्या आता समुपदेशक होऊन तासाप्रमाणे आकारणी करू लागल्या आहेत. अशा पडत्या काळात ही परंपरा कुंडीत झाडं लावणाऱ्या मंडळींनी जिवापाड जपली आहे. त्याबद्दल त्यांचा जाहीर सत्कार व्हायला हरकत नाही. हार मात्र विकतचे आणावे लागतील. त्यांच्या शेवंतीला यंदा फूल धरलेलं नाही.

पटत नसेल तर करून पाहा. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसून सहज म्हणा, ‘आमच्या जास्वंदीच्या शेंड्यावर काहीतरी पांढरं कापसासारखं दिसतंय.’ गेल्या वर्षी तुम्ही इस्पितळात होतात तेव्हा जे गृहस्थ फिरकले नव्हते, ते तिसऱ्या बाकावरून उठून तुमच्याकडे येतील. ‘पिठ्या ढेकूण!’ ते म्हणतील, आणि आवाजातला आनंद त्यांना लपवता येणार नाही. दुसऱ्याच्या जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण हे बागप्रेमी माणसाचं परमसुख आहे. स्वतःच्या गुलाबाला आलेली कळी त्याच्या बरीच खाली येते.

मग उपाय सुरू होतात. निंबोळी तेलात भांड्यांचा साबण मिसळून फवारा, हा प्राथमिक शाळेतला उपाय. त्याच्यावर आंबट ताक, हिंगाचं पाणी, चुलीतली राख. (चूल कुणाच्याच घरी नाही, पण राख सुचवायला चूल लागत नाही.) एक आजोबा तंबाखूचं पाणी सांगतात. ते स्वतः पन्नास वर्षं तंबाखू खाऊन ठणठणीत आहेत, ढेकणानं मात्र एका फवाऱ्यात दगावावं अशी त्यांची अपेक्षा असते. सगळ्यात वर दशपर्णी अर्क. कडुनिंब, करंज, सीताफळ, रुई, पपई अशा दहा झाडांचा पाला शेण-गोमूत्रात महिनाभर कुजवायचा. हा अर्क गुणकारी असतो. ढेकूण जाण्याआधी समोरच्या फ्लॅटमधलं बिऱ्हाड जातं.

आठवड्यातून एकदा येणारा माळी तेवढा म्हणतो, ‘मुंग्या बघा.’ त्याचं म्हणणं खरं असतं. पिठ्या ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, मुंग्यांना तो हवा असतो, म्हणून त्या ढेकणाची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. मुंग्यांची वाट बंद केली, उरलेले ढेकूण जुन्या टूथब्रशनं घासून काढले, की निम्मं काम होतं. पण माळ्याला आपण पैसे देतो, त्यामुळे त्याचं ऐकण्याची पद्धत नाही.

पपईवरचा असाच एक परदेशी पिठ्या ढेकूण 2008 साली तामिळनाडूत कोइमतूरकडे पहिल्यांदा दिसला. तिथून तो पपई, तुती, जास्वंद असं जे भेटेल ते खात महाराष्ट्रापर्यंत पोचला. फवारण्यांना तो दाद देईना. शेवटी 2010 मध्ये प्युर्टो रिकोहून एक परोपजीवी कीटक मागवण्यात आला. गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातला, आकारानं मोहरीपेक्षाही लहान. तो ढेकणाच्या शरीरातच अंडी घालतो. पुढचं काम त्याची पिल्लं करतात. साथ आटोक्यात आली. या संपूर्ण मोहिमेत त्या कीटकानं कुणालाही एका शब्दानं सल्ला दिला नाही. बागप्रेमी वर्तुळात त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही ते त्यामुळेच.

रोगराईनंतर दुसरा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे आहार. झाडांचा. बागप्रेमी घरातली माणसं काय जेवतात हे झाडांचं जेवून झाल्यावर ठरतं. तांदळाचं धुवण मोगऱ्याला, डाळीचं टोमॅटोला, केळीची सालं भिजवलेलं पाणी गुलाबाला, ताक कढीपत्त्याला. अंडी न खाणाऱ्या घरांतून अंड्याच्या टरफलांना एवढी मागणी आहे की कोपऱ्यावरचा भुर्जीवाला आता टरफलांबद्दल ‘राखून ठेवलीयत, काकू’ म्हणतो. चहाचा चोथा मिळावा म्हणून चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी चहा तीन वेळांवरून पाच वेळांवर नेला. काकांची झोप गेली, पण अबोली बरी आहे.

आणि जीवामृत! सुभाष पाळेकर हे विदर्भातले, 2016 सालचे पद्मश्री. त्यांनी शेतकऱ्यांना सांगितलेली या द्रवखताची कृती एका एकराची आहे: 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचं शेण, 10 लिटरपर्यंत गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. कोथरूडच्या आमच्या इमारतीतली बाल्कनी 40 चौरस फुटांची. चौथीतलं त्रैराशिक मांडलं तर बाल्कनीच्या वाट्याला शेण येतं 9 ग्रॅम, गूळ पावणेदोन ग्रॅम, बेसन तेवढंच, आणि पाणी एक मोठा कपभर. एवढ्या बेसनात भजी सोडा, भज्याचं शेपूटही तळून होणार नाही. पण वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, कृतीत फेरफार केला की गुण येत नाही. म्हणून त्यांनी अख्खं पिंप लावलं. शेण घरपोच आलं, चौकोनी खोक्यात, वर ‘वरची बाजू’ असा बाण छापलेला. बांध सापडला नाही म्हणून मूठभर माती पार्किंगच्या कडेची घेतली. दोन दिवस ते लाकडी दांड्यानं पिंप ढवळत होते. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये लोक एकमेकांशी बोलायचे थांबले. उरलेलं जीवामृत त्यांनी दुधाच्या पिशव्यांतून घरोघर वाटलं. त्यातली एक पिशवी कुणाच्या तरी फ्रीजमध्ये गेल्याची आठवण अजून निघते. पुढचा तपशील कौटुंबिक आहे.

हे सगळं करून टोमॅटो किती येतात, असा प्रश्न बाहेरचे लोक विचारतात. तो विचारू नये. टेनिस खेळणाऱ्याला आपण चेंडू किती जमले असं विचारत नाही.

खरी श्रीमंती फांदीत असते. या मंडळींचं चलन म्हणजे फांदी, आणि त्यात सर्वांत खपणारं नाणं मनीप्लांट. तो चोरून आणला तरच घरात पैसा येतो, अशी श्रद्धा. जिन्यातून चढताना ज्यांच्या दाराबाहेर मनीप्लांट आहे त्यांनी दर महिन्याला दोन पानं कमी झाली असं धरूनच चालावं. पण या चोरीत एक शास्त्रीय गंमत आहे. हा वेल मूळचा ताहितीशेजारच्या मोओरेआ बेटावरचा. फुलायला लागणारं संप्रेरक तो स्वतः तयार करू शकत नाही, त्यामुळे तो आपण होऊन जवळजवळ कधीच फुलत नाही. फुलल्याची शेवटची नोंद 1964 सालची सांगतात. फूल नाही म्हणजे बी नाही. बी नाही म्हणजे घराघरातले मनीप्लांट हे फांदीची फांदी, तिची फांदी असे वाढत आलेले. तेव्हा तुमच्या बाटलीतला वेल हा शेजाऱ्याच्या वेलाचाच भाग आहे आणि शेजाऱ्याचा तुमच्या. अशा परिस्थितीत चोरी सिद्ध कशी करणार? आमच्याकडे प्रयत्न झाला होता. दोन्ही पक्षांनी एकमेकांची पानं पुरावा म्हणून तोडली.

ब्रह्मकमळाची गोष्ट निराळी. ते चोरत नाहीत, त्याचं आमंत्रण येतं. पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री साडेदहाला बेल वाजते. दारात शेजारीण, पदर खोचलेला, डोळ्यांत पाणी. आपल्या पोटात गोळा येतो. ‘उमलतंय!’ ती म्हणते. मग सगळी विंग नाइट ड्रेसमध्ये तिच्या बाल्कनीत जमते. समई लागते, उदबत्ती लागते, मसाला दूध फिरतं, कुणीतरी फुलाला हळदकुंकू वाहतं. बाराच्या सुमाराला फूल पूर्ण उमलतं, वास घमघमतो आणि सगळे एका सुरात पुढच्या वर्षी पान देण्याचं वचन घेतात. पहाटेपर्यंत ते मान टाकतं.

अशाच एका रात्री वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका समईच्या उजेडात म्हणाल्या, ‘हे ब्रह्मकमळ नव्हे बरं का.’ खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर उगवतं आणि ते उत्तराखंडाचं राज्यपुष्प आहे. आपल्या कुंडीत असतं ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंग. ते रात्री उमलतं ते निशाचर पतंगांसाठी, आपल्यासाठी नव्हे. ज्याला आपण पान म्हणतो ते पानही नाही, चपटं झालेलं खोड आहे. बाईंचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. पुढच्या वर्षी त्यांना आमंत्रण गेलं नाही.

तसं पाहिलं तर त्यांनी खूपच थोडं सांगितलं. आमच्यात एक ‘फक्त देशी झाडं’वाला गट आहे. तो सभेला येताना दसऱ्याला झेंडूची तोरणं लावून येतो, बाहेर पडताना पांढऱ्या चाफ्याच्या सावलीत उभा राहतो, आणि वडापावबरोबर तळलेली मिरची खाता खाता परदेशी झाडांचा निषेध करतो. झेंडू मेक्सिकोचा, चाफा तिकडचाच, मिरची तिकडचीच, वड्यातला बटाटाही दक्षिण अमेरिकेतला. बाहेर गुलमोहर फुललेला असतो तो मादागास्करचा. गटाकडे शुद्ध देशी म्हणून तुळस उरते आणि तिला नेमका मावा पडलेला असतो.

थट्टा बाजूला ठेवून एक गोष्ट लिहायला हवी. झाडांबद्दल एकमेकांना सांगत राहण्याचं काम या महाराष्ट्रात फार गंभीरपणे झालेलं आहे. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे माणूस. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीला मौनी विद्यापीठात शिकवत. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात करून पाहायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं आणि पत्रानं किंवा बैठकीत दुसऱ्याला कळवायचं, एवढीच घटना. सांगली-तासगावकडच्या द्राक्षबागा अशा करून पाहणाऱ्या लोकांनी पुढे नेल्या. शहरी गच्चीवर पालापाचोळ्यातून माती करून भाजी पिकवता येते, हेही दाभोळकरांनी सांगितलं. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर त्या विचारातून बाग उभी राहिली. त्यांच्या परिवारात बोलण्याचा अधिकार ज्यानं करून पाहिलं त्याला होता. आमच्याकडे हा नियम लागू केला तर बाकावर शांतता पसरेल. गुलाबाच्या छाटणीवर सर्वांत अधिकारवाणीनं बोलणाऱ्या गृहस्थांच्या घरी एकच रोप आहे आणि त्यावरची धूळ ते ओल्या फडक्यानं पुसतात.

सोसायटीची कमिटी हा बागेचा बारमाही रोग. गच्ची गळते. इमारत नवी होती तेव्हाही गळत होती, म्हणजे गच्चीवर पहिली कुंडी येण्याच्या दहा वर्षं आधीपासून. पण गळतीचं कारण कुंडी आहे हा शोध लागल्यापासून वॉटरप्रूफिंगचा विषय अजेंड्यावरून निघाला आणि मेंटेनन्स वाढला नाही, म्हणून सगळेच कुंड्यांचे ऋणी आहेत. कमिटीतले निवृत्त अभियंते मात्र मुद्द्याचं बोलले. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरतात, आणि ओल्या मातीचा फूटभर जाड थर चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जातो. हे ऐकून सगळे गंभीर झाले. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमध्ये जाऊन त्याच रविवारी हलक्या कोकोपीटची पोती आणली गेली. येताना गाडीत जागा उरली म्हणून अकरा झाडंही आली.

राहता राहिला दुधी. दुधीच्या वेलाला आधी नर फुलं येतात आणि गळतात, आणि मालक ‘फुलगळ, फुलगळ’ करत सल्ल्यासाठी बाकावर येतो. मादी फूल ओळखायला सोपं: देठाशी बोटाएवढा दुधी आधीच तयार असतो. सिमेंटच्या पाचव्या मजल्यावर मधमाशी येईलच असं नाही, म्हणून हे लग्न माणसानं लावावं लागतं. तांबड्या भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, दुधीचं संध्याकाळी. त्यामुळे भोपळेवाले सूर्याबरोबर आणि दुधीवाले दिवेलागणीला हातात रंगाचा ब्रश घेऊन गच्चीवर दिसतात. स्वतःच्या मुलीचं स्थळ बघायला वेळ नसलेले लोक इथं पराग वाया जाऊ नये म्हणून श्वास रोखून उभे असतात.

आणि मग वेल ऐकत नाही. एकदा धरला की दुधी धरतच जातो. पहिल्याचं कौतुक होतं, फोटो निघतो, देवाला दाखवला जातो. दुसऱ्याची भाजी, तिसऱ्याचा हलवा, चौथ्याचे कोफ्ते. पाचव्यापासून मालक जिन्यात दिसला की दारं लागतात. कुणी घरात आहे की नाही याची खात्री करून न घेता दुधी दाराला टेकवून पळून जाणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तोच दुधी रात्री गुपचूप तिसऱ्याच्या दाराशी सरकवणारेही.

म्हणून वाचकांपैकी जे गच्चीवाले आहेत त्यांना एकच विनंती. सल्ला हवा तेवढा द्या, पिठ्या ढेकणावर अख्खी संध्याकाळ बोला, ब्रह्मकमळाला मध्यरात्री उठवा, आम्ही येऊ. दुधी मात्र देणार असाल तर सोलून आणि किसून द्या.