ऐंशी समाधानी नमुने

सकाळी पावणेसात. मनोरच्या मस्तान नाक्यावर भरत आलेल्या इकोत मागच्या सीटवर एक उमेदवार बसलेला असतो. मांडीवर डबा, डब्यावर फाइल आणि फाइलवर टाइप केलेलं शीर्षक : ‘तारापूर औद्योगिक क्षेत्रातील कामगारांच्या समाधानाचा चिकित्सक अभ्यास’. सहा दिवस कंपनीचं स्टोअर सांभाळायचं आणि रविवारी एमबीए करायचं, असा त्याचा आठवडा. त्याला नाव देण्यात अर्थ नाही. मनोर-पालघर-बोईसर पट्ट्यात चिकूसारखंच हेही पीक दर हंगामाला येतं.

तारापूर औद्योगिक वसाहत तारापूर गावात नाही, बोईसरला आहे. म्हणजे कागद आणि वस्तुस्थिती यांची फारकत शीर्षकापासूनच झाली. पण गाइडनी शीर्षक मंजूर केलंय, त्यामुळे आता भूगोलानेच जमवून घ्यावं.

खरं तर त्याला दुसराच विषय घ्यायचा होता : कंत्राटी कामगार टिकत का नाहीत? स्टोअरमध्ये बसून हातमोजे आणि गमबूट वाटणाऱ्याला दर महिन्याला नवे चेहरे दिसतात. प्रश्न रोज खिडकीशी येऊन उभा राहतो, त्यासाठी ग्रंथालयात जावं लागत नाही. एचआरच्या साहेबांनी सिनॉप्सिस वाचली, चष्मा काढला आणि सांगितलं, ‘‘ते आपले नाहीत. ठेकेदाराचे आहेत.’’ मग विषय ‘समाधान’ झाला. समाधानाला कोणाचीच हरकत नसते.

१९७० साली भारतात कंत्राटी कामगारांचा कायदा झाला. त्याच वर्षी अमेरिकेत क्रेसी आणि मॉर्गन या दोघांनी एक तक्ता छापला : इतक्या माणसांमागे इतका नमुना घ्यावा. लोकसंख्या दहा लाख असेल तर ३८४ जण पुरतात आणि शंभर असेल तर ८० लागतात. कंत्राटी मंडळी वगळल्यावर आपल्या उमेदवाराच्या कंपनीत पटावर नेमके शंभर उरले. तक्त्यात बोट ठेवलं, ८० सापडले. कारखाना चालवणारी निम्मी माणसं गणिताबाहेर गेली, पण गणित चुकलं असं कोणी म्हणू शकणार नाही. मराठीत ‘नमुना’ या शब्दाला दुसराही अर्थ आहे. तो इथे कोणाला लागू होतो, हे तक्ता सांगत नाही.

प्रश्नावली पाच खणांची : पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. ही सोय १९३२ साली रेन्सिस लिकर्ट यांनी करून दिली. माणसाच्या मनातलं मोजता यावं, हा त्यांचा प्रामाणिक हेतू होता. शिफ्ट सुटताना टाइम ऑफिसच्या बाकावर, शेजारी सुपरवायझर उभा असताना हे खण भरले जातील, अशी कल्पना त्यांना नसावी. ‘‘कुठं टिक करू ते सांगा ना, गाडी चुकंल,’’ असं एकजण म्हणतो. पद्धतीच्या प्रकरणात याला ‘यादृच्छिक नमुना निवड’ म्हणतात.

घोळ झाला तो सातव्या प्रश्नाशी. ‘कामाच्या ठिकाणचे वातावरण आनंददायी आहे.’ उमेदवाराच्या मनात पुस्तकातलं संघटनात्मक वातावरण. भरणाऱ्याच्या नाकात खरंखुरं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ९३.६९ गुण मिळवून तारापूर देशात पहिलं आलं होतं, आणि वसाहतीतल्या माणसाला ते कळायला निर्देशांकाची गरज नव्हती. ऐंशीतल्या बऱ्याच जणांनी ‘पूर्ण असहमत’वर इतक्या जोरात टिक केली की कागद फाटला. गाइडनी तो प्रश्न ‘संदिग्ध’ म्हणून काढून टाकला. सगळ्या प्रश्नावलीत तेवढाच एक लोकांना नीट समजला होता.

मागच्या संशोधनाचा आढावा हे प्रकरण हॉथॉर्नपासून सुरू झालंच पाहिजे, असा अलिखित नियम आहे. १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या त्या कारखान्यात दिवे वाढवले तरी उत्पादन वाढलं आणि कमी केले तरी वाढलं, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. २०११ साली लेविट आणि लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी दिव्यांच्या प्रयोगाचे जुने आकडे शोधून पुन्हा तपासले, तेव्हा ती चमत्कारिक वाढ त्यात फारशी सापडली नाही. पण एवढं सांगत बसलं तर आढावा लांबतो आणि बाइंडिंगवाला पानावर पैसे घेतो.

मनोरवरून जाणारा महामार्ग पुढे अहमदाबादला जातो. तिथल्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली ए. के. राइस हा इंग्रज संशोधक आला होता. त्याने समाधान किती म्हणून विचारलं नाही, कामाची मांडणी पाहिली. २२४ स्वयंचलित माग, २९ माणसं, बारा प्रकारची कामं आणि कोण कोणाला जबाबदार याचा पत्ता नाही. सात जणांच्या एका टोळीकडे ६४ माग सोपवावेत ही कल्पना पुढे येताच कामगारांनी आपल्या टोळ्या आपणच जमवल्या. उत्पादन वाढलं, कापडाची खराबी घटली. हे पुस्तकरूपाने १९५८ साली आलं. उमेदवाराने ते वाचलं, आवडलं, आणि गाइडना दाखवलं. ‘‘छान आहे,’’ गाइड म्हणाले, ‘‘पण यात प्रश्नावली कुठे आहे?’’

मग विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांची भीती. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे शिक्षा. रात्रभर ‘महत्त्वाचे’च्या जागी ‘लक्षणीय’ घालत साम्य आठवर आणलं. संगणकाला आकड्यातलं साम्य कळत नाही, हे बरंच आहे. नाहीतर सगळ्या कारखान्यांतले कामगार सारख्याच प्रमाणात समाधानी कसे, असं त्याने विचारलं असतं.

शेवटी ब्लॅक बुक. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, कंपनीच्या लेटरहेडवर गोल शिक्का. व्हायवा सात मिनिटांत आटोपली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पान उलटवून विचारलं, ‘‘निष्कर्ष काय?’’

‘‘कामगार समाधानी आहेत, सर.’’

‘‘आणि शिफारस?’’

‘‘अधिक संशोधनाची गरज आहे.’’

परीक्षक प्रसन्न झाले.

ऐंशी फॉर्मांवर तळाला ‘इतर सूचना’ अशी एक ओळ होती. एकोणऐंशी जणांनी ती मोकळी सोडली. एकाने लिहिलं होतं : ‘संडासाची कडी बसवा.’ सॉफ्टवेअरला हे उत्तर कोणत्याच खणात बसवता येईना, म्हणून ते परिशिष्टात गेलं, आणि पानं वाढत होती म्हणून परिशिष्ट गळालं.

सोमवारी उमेदवार कामावर आला. दहाच्या सुमाराला तो त्याच संडासात गेला आणि सवयीप्रमाणे एका पायाने दार दाबून बसला.