अ‍ॅक्चुअली पिंट्या

आमच्या ताईच्या धाकट्या चिरंजीवांना, म्हणजे पिंट्याला, इंग्रजी येतं की नाही यावर घरात दोन तट आहेत. येतं असं मानणाऱ्या तटात तो एकटाच. पण आवाज असा, की बहुमत त्याचंच वाटावं.

गडी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला आहे. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं, तेही लांबून. घरातले आबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला कोळून प्यायलेले. क्रियापदांची तिन्ही रूपं तोंडपाठ, पण कोणी ‘हाउ आर यू’ म्हटलं की आबा चष्मा पुसायला घेतात.

पिंट्या एकच नियम पाळतो: वाक्य ‘अ‍ॅक्चुअली’ने सुरू करायचं. शब्द अडला की मराठी क्रियापदाला ‘इंग’ लावून मोकळा. “अ‍ॅक्चुअली, आई इज भाकरी थापिंग.” गेल्या 15 ऑगस्टला “रिस्पेक्टेड टीचर्स अँड माय डिअर फ्रेंड्स” म्हणाला आणि पुढचं भाषण साफ विसरला. दुसरं पोर रडलं असतं. यानं समोर दिसेल ते सांगायला घेतलं. “धिस इज फ्लॅग. दॅट इज सरपंच. ही इज ईटिंग जिलेबी.” सरपंचांनी घाईघाईनं हात मागे घेतला. बाईंना हसू आवरेना, म्हणून त्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या.

खरी कमाल वेरूळला झाली. सोळाव्या लेण्यात, कैलासासमोर, एका जपानी जोडप्यानं आमच्या भाऊजींना काहीतरी विचारलं. भाऊजी बँकेत अधिकारी, बी. ए. इंग्रजी घेऊन. आठवं शतक, राष्ट्रकूट, कृष्ण पहिला, सगळा ऐवज डोक्यात तयार. पण ‘वॉज कार्व्हड’ म्हणावं की ‘हॅज बीन’, इथं गाडी अडली. तेवढ्यात खालून आवाज आला, “अ‍ॅक्चुअली सर, धिस टेंपल नो बिल्डिंग. ओन्ली कटिंग. फर्स्ट कळस, लास्ट पाया. नो सिमेंट!” आणि दोन्ही हातांनी वरून खाली छिन्नी मारून दाखवली. जपानी आजोबांचं इंग्रजीही याच्याच इयत्तेतलं असावं. “अप... डाऊन?” ते म्हणाले. “येस! अप, डाऊन!” दोघांचं इतकं जमलं, की आजोबांनी कळसाकडे बोट करून पुन्हा पुन्हा मान डोलावली. भाऊजी परतीच्या वाटेवर, वेरूळच्याच फाट्यावर म्हणाले, “हॅज बीन चाललं नसतं.”

व्याकरण सुधारायला हवं, हे मलाही पटतं. ताईनं तसा प्रयत्नही केला. “ही गो नाही रे, ही गोज.” तो म्हणाला, “अ‍ॅक्चुअली मम्मी, तो गेला ना पण?”

हल्ली क्रेडिट कार्डवाल्यांचे इंग्रजी फोन आले की ताई सरळ मोबाईल त्याच्या हातात देते. असे फोन आपण मध्येच ठेवून देतो. पिंट्याचा फोन समोरचा ठेवतो.