भोपळ्याच्या वावरातला डॅड

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा लागला की इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत एका विशिष्ट जातीचा बाप हिंडताना दिसू लागतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. पायांत गुडघ्यापर्यंतचे गमबूट, अंगात मेणकापडाचं जाकीट. दोन्ही हातांनी ढकलायची एकचाकी गाडी तो एका हाताने ढकलत असतो, कारण दुसऱ्या हातात फोन आहे. फोनमध्ये तिकिटाचा क्यूआर कोड आहे आणि शेतात रेंज नाही. त्याच्या मागून एक चेटकीण, एक सांगाडा आणि पाठीला वटवाघळाचे पंख बांधलेला एक स्पॅनिअल कुत्रा येत असतो. चेटकीण सहा वर्षांची आहे आणि तिला शू लागली आहे.

सोयीसाठी त्याला हाफ-टर्म डॅड म्हणू. इंग्लंडमधल्या शाळांना सत्राच्या मध्यावर आठवडाभर सुट्टी मिळते, ती हाफ-टर्म. हॅलोवीन बहुतेक वर्षी या सुट्टीत किंवा तिच्या आगेमागे येतो. आता हा गृहस्थ मुळात भुताखेतांचा भोक्ता वगैरे नाही. मे महिन्यात विचारलं असतं तर तो म्हणाला असता, त्या आठवड्यात आम्ही टेनेरिफच्या समुद्रकिनारी असू. पण शाळा चालू असताना मुलांना परवानगीवाचून सहलीला नेलं तर दर मुलामागे दर पालकाला 80 पौंड दंड होऊ शकतो आणि तीन आठवड्यांत भरला नाही तर 160. त्यामुळे अख्खा देश एकाच आठवड्यात सुट्टीवर निघतो, आणि ही गोष्ट विमान कंपन्यांच्या फार पूर्वीच लक्षात आलेली आहे. चौघांचं भाडं बघून डॅड लॅपटॉप मिटतो आणि जाहीर करतो, "आपल्या देशात बघण्यासारखं काय कमी आहे?"

बायको समजते. म्हणजे यंदाही भोपळे.

भोपळ्याच्या शेतात जायला वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं. सकाळी साडेदहाचं तिकीट असेल तर डॅड सव्वानऊला गाडीत बसून हॉर्न वाजवतो. शेताकडे जाणारा रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना उंच झुडपांचं कुंपण. समोरून गाडी आली की दोघेही इंग्रज सभ्यपणे थांबतात, हाताने 'आधी तुम्ही' अशी खूण करतात, आणि मग कोणीच हलत नाही. मागे पंधरा गाड्या साचतात. त्यांतल्या सगळ्या चेटकिणींना शू लागलेली असते.

या शेतांचं अर्थशास्त्र बघण्यासारखं आहे. नुसत्या गव्हावर भागेना, तेव्हा इंग्रज शेतकऱ्याने स्ट्रॉबेरीचं शेत गिऱ्हाइकाला खुलं केलं: स्वतः तोडा आणि पैसे द्या. भोपळा ही त्यापुढची पायरी. बऱ्याच ठिकाणी भोपळे वेलावरून आधीच कापून ठेवलेले असतात. उरतं ते एकच काम, चिखलातून ते उचलून वाहून नेणं. त्या कामासाठी मजूर प्रवेशशुल्क भरून, स्वतःच्या पेट्रोलने येऊन, पावसात रांग लावतात आणि जाताना माल विकतही घेतात. एवढी मजल दुसऱ्या कुठल्या पिकाने मारल्याचं प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही.

शेतात पाऊल पडताच डॅडमधला शेतकरी जागा होतो. तो दिवसभर विम्याचे कागद बघणारा माणूस आहे, पण बसायला ठेवलेल्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवून तो मुलांना सांगतो की हे गवत नव्हे, गव्हाचं काड आहे. गवत गुरं खातात, काड त्यांच्या अंगाखाली पसरतात. देठ धरून भोपळा उचलू नये, हेही तो सांगतो. तसं फलकावरही लिहिलेलं असतं, पण फलकात तो जोर नसतो. मग मक्याचा भूलभुलैया. नकाशा घ्यायला त्याचा नकार असतो. "डावा हात भिंतीला लावून चालत राहायचं, बाहेर पडतोच." तोच प्लास्टिकचा सांगाडा तिसऱ्यांदा भेटतो तेव्हा आठ वर्षांचा मुलगा नकाशा बाहेर काढतो. तो त्याने येतानाच आईकडून मागून घेतलेला असतो.

भोपळ्यांतलंही त्याला कळतं. नारिंगी, कोरायचा भोपळा पाणचट. खायचा तर निळसर राखाडी पाठीचा 'क्राउन प्रिन्स'. पण मुलांना हवा असतो सगळ्यांत मोठा. या मोठेपणाला इंग्लंडात हल्ली अंत राहिलेला नाही. हॅम्पशरमधल्या लिमिंग्टनच्या इयन आणि स्टुअर्ट पॅटन या जुळ्या भावांनी 2025 साली 1,278 किलोंचा भोपळा पिकवून जागतिक विक्रम केला. तसला भोपळा या शेतात नाही, एवढ्या एका गोष्टीबद्दल डॅडची पाठ देवाचे आभार मानते.

भोपळा झाला की वाडा. वाडा म्हणजे नॅशनल ट्रस्टचा. ऑक्टाव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली या तिघांनी 1895 मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे आज पन्नास लाखांहून जास्त सभासद आहेत आणि हाफ-टर्मच्या मंगळवारी ते सगळे एकाच वाहनतळावर आलेत असं वाटतं. शहरातल्या गरिबांनाही मोकळी हवा मिळावी, अशी हिलबाईंची तळमळ होती. डॅडची तळमळ जरा वेगळी असते. कुटुंबाच्या सभासदत्वाला वर्षाला दीडशेहून जास्त पौंड पडतात आणि ते वसूल व्हायला हवेत. प्रत्येक वाड्याचं वाचलेलं तिकीट तो मनातल्या मनात जमा बाजूला मांडतो, आणि पार्किंगही फुकट म्हणून खूश होतो. खर्चाच्या बाजूला मात्र चार स्कोन, दोन हॉट चॉकलेट आणि हॅलोवीनच्या 'ट्रेल'चे वेगळे पैसे कधीच लिहिले जात नाहीत. त्याची बायको अकाउंटंट आहे. ती काही बोलत नाही.

ट्रेल म्हणजे एक कागद आणि एक बुटकी पेन्सिल. बागेत दहा वटवाघळं टांगलेली आहेत, ती शोधा, अक्षरं जुळवा, शेवटी चॉकलेट मिळेल. नववं वटवाघूळ कधीच सापडत नाही. चेटकिणीच्या झग्यावर तोवर पावसाळी जाकीट चढलेलं असतं, त्यामुळे ती इतर कुठल्याही ओल्या मुलीसारखीच दिसते. एरवी कोणालाही रस्ता न विचारणारा डॅड शेवटी स्वयंसेवक आजीबाईंना गाठतो. त्या इकडेतिकडे बघून कुजबुजतात, "रोडोडेंड्रॉनच्या मागे. पण मी सांगितलं म्हणू नका."

इथली भीतीही शिस्तीची असते. कुठल्या कार्यक्रमात किती घाबरायचं, हे आधीच छापलेलं असतं: हे लहानग्यांसाठी, हे जरा धीट मुलांसाठी, हे फक्त मोठ्यांसाठी. यॉर्कजवळच्या मक्याच्या प्रचंड भूलभुलैयात दिवसा मुलं बागडतात आणि त्याच जागी ऑक्टोबरच्या रात्री मोठ्या माणसांना किंचाळायला लावणारा वेगळा खेळ होतो. शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. अंधार, धुकं, घुबड सगळं चहाच्या वेळेलाच हजर. घाबरून, जेवून, दात घासून साडेसातला मुलं अंथरुणात. ही सोय डॅडला मनापासून आवडते.

तरीही गाडीत बसला की तो कुरकुरतो. "हे सगळं अमेरिकेचं खूळ. आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं." वास्तविक, व्हिडिओवर 'ई.टी.' हा अमेरिकी सिनेमा बघून शेजाऱ्यांची दारं वाजवायचा हट्ट धरणारी पिढी ती हीच. ते आठवलं की तो लगेच इतिहासात शिरतो. चेशरमध्ये या दिवसांत दारोदार फिरून मृतांच्या नावाने केक मागत. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे करत. आणि सॉमरसेटमधल्या हिंटन सेंट जॉर्ज गावात ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी 'पंकी नाइट'ला मुलं आजही गुरांना घालायच्या बिटाचे कंदील घेऊन मिरवतात. आख्यायिका अशी की गावातले पुरुष चिझलबरोच्या जत्रेला गेले ते परतलेच नाहीत, म्हणून बायका हे कंदील घेऊन शोधायला निघाल्या. पुरुष जत्रेत पिऊन पडले होते.

"म्हणजे तेव्हाही बायकांनाच जावं लागलं," पुढच्या सीटवरून आवाज येतो.

सॉमरसेटला गेलंच आहे तर वूकी होलची गुहा टाळता येत नाही. तिथल्या एका चुनखडीच्या सुळक्याला दगड झालेली चेटकीण म्हणतात. 2009 साली गुहेच्या मालकांनी जिवंत चेटकिणीच्या जागेसाठी जाहिरात दिली: पगार वर्षाला 50,000 पौंडांच्या दराने, उमेदवाराला खदाखदा हसता यावं आणि मांजरांची ॲलर्जी नसावी. मुलाखतींना झुंबड उडाली आणि नोकरी एका माजी इस्टेट एजंट बाईंना मिळाली. ज्यांनी इंग्लंडमध्ये घर विकत घेतलं आहे त्यांना या निवडीचं नवल वाटलं नसावं.

व्हिटबीला तर डॅड दर दोन वर्षांनी जाऊ बघतो. समुद्रावरचा भग्न मठ या दिवसांत रोषणाईने उजळतो, आणि गावातून तिथे जायला 199 पायऱ्या आहेत. ब्रॅम स्टोकर 1890 च्या उन्हाळ्यात इथे सुट्टीला आला, बायको-मुलगा आठवड्याभराने मागून आले, आणि 'ड्रॅक्युला' हे नाव त्याला इथल्याच वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं. कादंबरी 1897 ची. म्हणजे जगातला सर्वांत नामांकित पिशाच्च कौटुंबिक सहलीचं अपत्य आहे. शंभराव्या पायरीवर मुलगी खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या डॅडला ते पटतं.

पण लँकेशरातल्या पेंडल टेकडीशी गेल्यावर त्याची गाडी जरा अडखळते. टेकडीभोवतीच्या गावांतल्या माणसांवर 1612 मध्ये चेटूक केल्याचा खटला चालला आणि लँकेस्टरला दहा जणांना फाशी दिलं गेलं. आज तिथल्या दुकानात चेटकिणींच्या बाहुल्या मिळतात, आणि मँचेस्टरहून तिकडे जाणाऱ्या बसचं नावच 'विच वे' आहे. सवयीप्रमाणे डॅड माहितीचा फलक मोठ्याने वाचू लागतो. एका मुलीने फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या, त्याने दिल्या नाहीत, तो पुढे जाऊन कोसळला, तिथून सारं सुरू झालं. मग कोर्टात जेनेट डिव्हाइस नावाच्या सुमारे नऊ वर्षांच्या पोरीला टेबलावर उभं करून साक्ष घेतली, स्वतःच्या आईविरुद्ध. इथे डॅड एक ओळ गाळतो. "पुढे?" मुलगा विचारतो. "पुढे टेकडीची उंची दिलीय. 557 मीटर," डॅड म्हणतो, आणि सगळ्यांना सँडविच वाटतो.

31 तारखेची, म्हणजे हॅलोवीनची, संध्याकाळ गावातली. बाहेर पेटता भोपळा असेल तर त्या दाराशी मिठाई मागायला जायचं, नसेल तर जायचं नाही, हा अलिखित नियम. ज्यांना मुळीच कोणी यायला नको असतं त्यांच्यासाठी पोलीस दारावर लावायचा छापील कागद पुरवतात. चर्चमध्ये भुतांना पर्याय म्हणून 'लाइट पार्टी' असते. तिथे मिठाई बरी मिळते असं कळल्यामुळे आठ वर्षांचा सांगाडा ख्रिस्ती धर्माबद्दल अचानक उत्सुक झालेला आहे. खेड्यात घरं लांब लांब, पदपथ नाही, दिवे नाहीत. म्हणून डॅड सगळ्या भुतांना रस्तेकामगारांची चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घालतो. अंधारातून येणारी ही पलटण बघून म्हाताऱ्यांना वाटतं, पाइपलाइन दुरुस्त करायला आली.

या पलटणीत अलीकडे मराठी डॅडही सामील झालेले आहेत. रेडिंग, स्लाव किंवा मिल्टन कीन्सला राहणारे, सॉफ्टवेअरमधले. 2024 साली 31 ऑक्टोबरला नरक चतुर्दशी आली तेव्हा एकाच दिवशी पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी पिशाच्च, असा भरगच्च कार्यक्रम त्यांच्या वाट्याला आला. दारात एका बाजूला पणत्या, दुसऱ्या बाजूला भोपळा. सगळीकडे उजेड असल्यामुळे गावातली झाडून सगळी पोरं तिथेच आली, आणि चॉकलेटं संपल्यावर त्यांना चकल्या मिळाल्या. भोपळा कोरून निघालेला गर टाकून द्यायची मात्र या घरांत सोय नाही. आजी व्हिसा काढून आलेली असली की ती त्यात गूळ आणि कणीक घालून घारगे लाटते, पीठ फार सैल होतंय म्हणून त्या पाणचट भोपळ्याला नावं ठेवते, आणि पुढच्या वर्षी राखाडी पाठीचा आणा, असं बजावते.

इंग्रज डॅड त्याच गराचं सूप करतो. ते कोणी पीत नाही.

नोव्हेंबर उजाडतो आणि कोरलेला भोपळा पायरीवर आतून बसू लागतो. त्याला जंगलात नेऊन टाकावं, प्राणी खातील, असं डॅडला वाटतं. पण वुडलँड ट्रस्टचं म्हणणं की तसं करू नका, साळूसारख्या दिसणाऱ्या इथल्या हेजहॉगचं पोट बिघडतं. डुकरं पाळणारा शेतकरी कुठे आहे का, याची तो चौकशी करतो. शेतकरी सापडतो तोच, भोपळ्याच्या वावराचा मालक. तो आपला भोपळा मोठ्या मनाने परत घेतो, अर्थात पैसे परत देत नाही.

त्या रात्री बायको विचारते, "सांताक्लॉजला भेटायची वेळ घेतलीस?"

"अजून दोन महिने आहेत."

"शनिवार-रविवार सप्टेंबरातच भरले म्हणतात."

डॅड लॅपटॉप उघडतो. पडद्यावर रांगेतला त्याचा नंबर येतो. तो नंबर वाचतो, पुन्हा वाचतो, आणि बायकोला विचारतो की डिसेंबरात टेनेरिफला साधारण काय भाडं असतं.