निसर्ग घरपोच

पूर्वी बाळंतविडा म्हटला की झबलं-टोपडं, कुंची, दुपटी आणि डिंकाचे लाडू एवढ्यावर भागायचं. आता 'पर्यावरणपूरक बाळंतविडा' मिळतो. तो खोक्यात येतो, ते खोकं आणखी एका खोक्यात येतं आणि दोन्हींच्या मधे पृथ्वी वाचवल्याबद्दल आई-बाबांचे आभार मानणारं जाड कार्ड असतं. आत सेंद्रिय सुताचे लंगोट, बांबूची दुपटी, हिरड्या शिवशिवल्या की चावायची कडुनिंबाची कडी आणि जागा मिळेल तिथे छापलेला 'नैसर्गिक' हा शब्द. किंमत विचारू नये. पृथ्वीपेक्षा पैसा मोठा आहे का, असं कुणी विचारलं तर पंचाईत व्हायची.

या विड्यातला बांबू जरा निरखण्यासारखा आहे. बांबूचं म्हणून विकलं जाणारं ते मऊसूत कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन असतं. बांबूच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून त्याचा धागा काढतात. एवढ्या दिव्यातून पार पडल्यावर बांबूचं उरतं ते नाव. असलं रेयॉन 'बांबू' आणि वर 'पर्यावरणपूरक' म्हणून विकल्याच्या आरोपावरून २०२२ साली अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने वॉलमार्ट आणि कोल्स या दुकानांना धरलं. दोघांना मिळून ५५ लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'नैसर्गिक', 'सेंद्रिय', 'शुद्ध' असे शब्द पुराव्याशिवाय वापरायचे नाहीत, असं त्यांत म्हटलं आहे. पुरावा म्हणून बहुधा हिरव्या पानाचं चित्र चालत असावं, कारण ते प्रत्येक पाकिटावर असतं.

बाकी डायपरची बाजू घ्यावी असंही काही नाही. आत सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे दाणे, बाहेर प्लास्टिकचं आवरण. बाळ शाळेत जाईल, नोकरीला लागेल, निवृत्त होईल, तरी ते प्लास्टिक कचरा डेपोत हजर असेल. २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं की वापरलेला डायपर गुंडाळून टाकायला कंपन्यांनी पिशवी द्यावी आणि घरच्यांनी तो वेगळा द्यावा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने तर विनवणीच केली: कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आमच्या बायकांना तो हाताने उघडून बघावा लागणार नाही. एक ठिपका. बाळाच्या गालावर दृष्ट लागू नये म्हणून रोज न चुकता तीट लावणाऱ्या शहराला एवढा एक ठिपका जड गेला.

मग कापडी लंगोट बरा? ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ साली याचा हिशेब मांडला. बाळाच्या पहिल्या अडीच वर्षांत डायपरमुळे साधारण ५५० किलो कार्बन डायऑक्साइडएवढे वायू हवेत जातात आणि कापडी लंगोटांमुळे ५७०. म्हणजे कापड हरलं! पण खाली बारीक अक्षरांतला तपशील मोठा गमतीचा आहे. यंत्र पूर्ण भरून धुतलं, ड्रायरऐवजी दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर हा भार सुमारे २०० किलोंनी उतरतो. ब्रिटनने एवढा अभ्यास करून जे शोधलं ते आपल्या आज्या अहवाल न लिहिता करत होत्या. नऊवारीचं दुपटं व्हायचं, दुपट्याचा लंगोट, लंगोटाचं फडकं. बाळाला पहिले कपडे नवे घालायचेच नाहीत, कुणाच्या तरी घरचे धुऊन मऊ झालेले मागून आणायचे, अशी रीत होती. आज मावसबहिणीने तिच्या मुलाची झबली दिली तर ती 'किती गोड' म्हणून घेतली जातात आणि माळ्यावर जातात.

आज्यांच्या त्या सुवर्णयुगात एक छोटी अडचण होती. ते सगळं धुवायचं कुणीतरी. त्या धुण्याचा कार्बन कुणी मोजला नाही, कंबरही मोजली नाही. निसर्गाकडे परत जायचा ठराव आजही बाबाच मांडतात, मोबाइलवर लेख वाचून. सूचक तेच, अनुमोदक तेच. अंमलबजावणी मात्र बाथरूममध्ये दुसरंच कुणी करत असतं.

आणि निसर्ग म्हणजे सगळं सोज्वळ, असंही नाही. धुरीचा धूर शंभर टक्के नैसर्गिक असतो आणि बाळाची छाती शंभर टक्के नाजूक. मध तर पोळ्यातून थेट आलेला. पण त्यात बोट्युलिझमचे जिवाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला तो चाटवू नका, असं डॉक्टर घसा खरवडून सांगतात. घरोघरी मात्र मधाचं बोट तयार असतं.

खोकं नाही, पाकीट नाही, कूपन नाही, अशी एकच वस्तू या सगळ्यात आहे: आईचं दूध. त्याच्या स्पर्धकाचीच जाहिरात कायद्याने बंद करावी लागली. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दूध पावडरीच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली आणि डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्रही छापू दिलं नाही. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजाही २६ आठवड्यांची झाली. हिशेब नेमका जुळतो. फक्त ही रजा आस्थापनांना लागू होते, कुणाच्या घराला नाही. त्यामुळे मॅडम पगारी रजेवर सेंद्रिय लंगोटांच्या घड्या घालत असतात, आणि ते लंगोट धुवायला येणाऱ्या बाई स्वतः बाळंत झाल्या तेव्हा त्यांना त्याच घरातून फोन गेला होता, "महिन्याभरात येशील ना? नाहीतर आम्हाला दुसरी बघावी लागेल."