बांध फुटला

वाटणीत थोरल्या भावाला बाग मिळाली आणि मला वडिलांची डिझेल जीप. बागेला दर वर्षी फळं लागतात, जीपला दर वर्षी काहीतरी लागतं. कागदोपत्री तिच्यात दादाचा काडीचा वाटा नाही. पण कांद्याच्या हंगामात ती त्याच्याच दारात उभी असते, आणि परत येते तेव्हा मागे विहिरीच्या पाण्याचा कॅन लवंडत असतो. गाडी तापली की दादा ते पाणी रेडिएटरमध्ये ओततो. "आपल्याच विहिरीचं आहे," म्हणतो, जणू इंजिनाला घरचं पाणी बाधत नाही.

फेब्रुवारीत पुण्याहून लग्न उरकून येताना खंबाटकी घाटात काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. त्याआधीचे पंधरा दिवस मी मोठ्या आनंदात होतो. डिपस्टिक काढून पाहिली तर तेल खुणेच्या वर! जन्मभर तेल पिणारी गाडी आता तेल द्यायला लागली, असं मी घरी सांगितलं. "न ओतता वाढणारं काही चांगलं असतं का?" बायको म्हणाली. तिला गाडीतलं कळत नाही, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं नाही, एवढंच बरं झालं.

घाटात जो थांबला त्याने एकेक रोग सांगितला. त्यातले परवडले तेवढे मी महिनाभरात दुरुस्त केले: झाकण, होज, वॉटर पंप. गाडी तापतच राहिली. शेवटी वाईच्या मिस्त्रीकडे गेलो. तो माझा विद्यार्थी.

"गुरुजी, सकाळी इंजन गार असताना आणा," तो म्हणाला. त्याने रेडिएटरचं झाकण काढलं, काठोकाठ पाणी भरलं आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. मिनिटभरात पाण्यावर बुडबुडे, भज्यांच्या कढईसारखे.

"एवढ्यात उकळलं?"

"बोट घालून बघा."

पाणी गार होतं.

"ही उकळी न्हाई. सिलिंडरातला गॅस पाण्यात येतोय. हेड गॅस्केट गेलं." मग त्याने डिपस्टिक फडक्यावर पुसली. फडक्यावर दादरला ग्लासातून देतात तसल्या पियूषाचा डाग पडला. वाढलेलं तेल म्हणजे तेलात गेलेलं पाणी होतं.

गॅस्केट म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधला पातळ पत्रा. डिझेलला ठिणगी लागत नाही. जुन्या इंजिनात हवा वीसेक पट दाबली जाते, त्या दाबानेच ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे एका बाजूला हा स्फोट, शेजारून पाणी, पलीकडून तेल. तीन भाऊबंद आणि मधे दीड-दोन मिलिमीटरचा बांध. आमच्या गावात याहून रुंद बांधांवरून दिवाणी दावे चाललेत.

दोघांनी मिळून हेड उचललं तेव्हा गुन्ह्याची जागा दिसली. तीन नंबरच्या सिलिंडरपासून पाण्याच्या भोकापर्यंत गॅस्केटवर काळी वाट पडली होती, येऊन-जाऊन बांधावर पायवाट पडते तशी. भोकात स्क्रूड्रायव्हर घातला तर खडूसारखे पांढरे खपले निघाले. "बोअरचं पाणी घालता का?"

"विहिरीचं."

"तेच ते."

पाण्याच्या वाटा क्षारांनी चोंदल्या, इंजिन तापलं, तापून हेड वाकलं. हेडवर सरळ पट्टी ठेवून त्याने खाली फीलर गेजची पाती सरकवली. "पॉइंट पंधरा, गुरुजी. पॉइंट झीरो पाचला सोडलं असतं." ०.१५ मोठं की ०.०५, या प्रश्नावर याच मुलाला मी सातवीत तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं होतं. मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही, पण पाती जरा जास्तच वेळ माझ्यासमोर धरली.

हेड फेसिंगला गेलं. मी गॅस्केट आणायला दुकानात. "एक खाच, दोन, का तीन?" दुकानदाराने विचारलं. डिझेलची गॅस्केटं वेगवेगळ्या जाडीची असतात, पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो त्यावर जाडी ठरते आणि ती कडेच्या खाचांवरून ओळखायची, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. फोन करून मुकाट्याने दोन खाचांचं आणलं.

बसवण्याआधी मिस्त्रीने तारेला बनियनची चिंधी गुंडाळून बोल्टचं एकेक भोक कोरडं केलं. तळाशी तेल-पाणी राहिलं तर आवळताना त्याला पळायला जागा नसते, ब्लॉकच तडकतो. मग टॉर्क पाना. मधल्या बोल्टपासून बाहेर बाहेर, रांगोळीच्या ठिपक्यांसारखं, आणि तेही एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. शेवटी तेल बदललं, रेडिएटर खरवडून घेतला, त्यात हिरवं कूलंट भरलं.

"पाचशे किलोमीटर झाले की परत आणा. बोल्ट पुन्हा आवळायचे."

मला पाचशे किलोमीटर जायला गाव कुठलं? ही अडचण दादाच्या कानावर कशी गेली देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात हजर. "लोणंदच्या बाजाराला पाच खेपा मारल्या की झाले तुझे पाचशे. डिझेलसुद्धा माझं."

मी किल्ली दिली. ती घ्यायला त्याने डावा हात पुढे केला. उजव्या हातात कॅन होता.